देव बरें करूं

तो कागद अजून माझ्याकडे आहे. वहीतलं दुरेघी पान, दोन्ही बाजूंनी भरलेलं. वर मोठ्या अक्षरात ‘आभार’ आणि खाली बेचाळीस नावं. 16 जानेवारी 2015 च्या संध्याकाळी आमच्या वाड्यावरच्या कपेलासमोर, म्हणजे छोट्या प्रार्थनामंदिरासमोर, मांडवात उभी राहून मी तो वाचला होता. ज्या संताच्या नावानं आमचं हे गोव्यातलं सांकवाळ गाव ओळखलं जातं, त्या जुझे वाझ यांना त्याच आठवड्यात कोलंबोत संतपद मिळालं होतं. त्यांच्या सणाचा दिवसही तोच, 16 जानेवारी. 1711 मध्ये याच तारखेला ते श्रीलंकेतल्या कँडीत वारले.

यादी वाचून झाली, टाळ्या वाजल्या, लोक जेवायला उठले. एक नाव राहून गेलं होतं. ते रात्री भांडी मोजताना लक्षात आलं. तेव्हापासून या दिवसांबद्दल लिहायचं मनात आहे, कारण मांडवात जे म्हणायचं होतं ते म्हणून झालेलंच नाही.

मी मूळची वसईची. घरात सामवेदी बोली, शाळेत मराठी, चर्चमध्येही मराठी. लग्न होऊन सांकवाळला आले तेव्हा कोंकणीतली मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, कानाला ओळखीची वाटायची, पण तोंडात यायची नाही. संत मात्र मी माहेरून घेऊन आले होते. आमचे गोन्सालो गार्सिया वसईत जन्मलेले, 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत क्रूसावर मारले गेलेले, आणि 8 जून 1862 ला संत म्हणून जाहीर झालेले. भारतात जन्मलेला पहिला संत आमच्या गावचा, हे आम्हाला पाढ्यांसारखं पाठ असायचं. सासूबाईंना मी हे पहिल्याच आठवड्यात सांगितलं. त्या पेज ढवळत होत्या. म्हणाल्या, “आमचोय जातलो.” आमचाही होईल.

1995 च्या जानेवारीत पोप जॉन पॉल दुसरे यांनी कोलंबोत वाझ यांना धन्य घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी दिली, तेव्हा सासूबाईंनी अख्ख्या वाड्याला दोदोल वाटला. मग वीस वर्षं दर जानेवारीला नोव्हेना, नऊ दिवसांची प्रार्थना, दर नोव्हेनाला तीच मागणी. त्यांना ते पाहायला मिळालं नाही. 2014 च्या सप्टेंबरात बातमी आली की पोप फ्रान्सिस दुसऱ्या चमत्काराची अट बाजूला ठेवून वाझ यांना संतपद देणार आहेत. मी पहिल्यांदा सासूबाईंच्या खोलीत गेले आणि तिथली खिडकी उघडली. का, ते मला आजही सांगता येणार नाही.

जुझे वाझ 21 एप्रिल 1651 ला बाणावलीला, आजोळी जन्मले. वडिलांचं घर सांकवाळचं. 1676 मध्ये धर्मगुरू झाले. पुढच्या वर्षी, 5 ऑगस्ट 1677 ला, त्यांनी आमच्या गावातल्या आरोग्यमातेच्या चर्चमध्ये स्वतःला मरियेचा गुलाम म्हणवून घेणारं पत्र लिहून दिलं. ते चर्च आता नाही. झुवारी नदीच्या काठाजवळ त्याचं दर्शनी तोंड तेवढं उभं आहे. मागे काही नाही, नुसतं आकाश. मी नवी सून असताना सासूबाई मला तिथे घेऊन गेल्या होत्या. दारातून आत पाऊल टाकलं की आपण पुन्हा बाहेरच असतो.

या जागेबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ती टाळून या गावात कुठलाच सण करता येत नाही. सांकवाळ म्हणजे शंखवाळ. आज वेलिंगच्या देवळात असलेला लक्ष्मीनृसिंह मूळचा इथला. 1567 मध्ये गोव्याच्या साष्टी भागातली देवळं पाडली गेली, तेव्हा भाविकांनी त्याला नदीपलीकडे नेलं. ज्या सारस्वत घराण्यांतून पुढे वाझ आले, त्यांचेच भाऊबंद मूर्ती घेऊन पलीकडे गेले असतील. एक भाऊ राहिला आणि बाटला, एक निघून गेला. हे दुःख इथल्या मातीत आहे, आणि आपला संत साजरा करताना ते झाकलं तर मला तरी नीट प्रार्थना करता येत नाही. म्हणूनच 2015 मध्ये, नोव्हेनाच्या पहिल्या दिवशी वेलिंगच्या देवळाच्या महाजनांपैकी एक गृहस्थ स्वतःहून आमच्या कपेलात आले आणि अबोलीचे दोन मोठे गजरे ठेवून गेले, तेव्हा मी वेदीमागे जाऊन रडले. “आमच्या गावचाच ना,” एवढंच ते म्हणाले. त्यांचं नाव यादीत तिसरं होतं.

आता लंका. आम्हा वसईकरांना डच हा शब्द फारसा ठाऊक नाही, आमचा इतिहास पोर्तुगीज, चिमाजी अप्पा आणि इंग्रज यांच्यातच संपतो. पण तिकडे 1658 मध्ये डचांनी जाफना घेतलं आणि कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली. जवळजवळ तीस वर्षं तिथल्या लोकांना मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, मरणाऱ्याच्या डोक्याशी कुणी नाही. ही गोष्ट गोव्यात वाझ यांच्या कानावर आली आणि त्यांना झोप लागेना. युरोपीय धर्मसंघांमध्ये तेव्हा गोव्याच्या माणसाला सहसा जागा नव्हती. जुन्या गोव्यात इथल्याच काही धर्मगुरूंनी एकत्र येऊन स्वतःचा संघ उभारला होता, त्याचे वाझ 1685 मध्ये प्रमुख झाले. खुर्ची मिळाली, आणि वर्षभरात ती सोडून ते निघालेही. अनवाणी. बरोबर जॉन नावाचा एक नोकर.

या जॉनबद्दल मला फार वाटतं. त्याला कुणी संत केलेलं नाही. त्याचं आडनावही मला कुठे वाचायला मिळालेलं नाही. वाझ भिकाऱ्याच्या वेषात लंकेत उतरले तेव्हा तो बरोबर होता, त्यांना हगवण लागली तेव्हाही होता, आणि मग तोही आजारी पडला. लागण होईल म्हणून लोकांनी दोघांना वस्तीबाहेर काढलं. चरित्रात सांगतात की एक बाई त्यांना गुपचूप पेज आणून द्यायची. तिच्या पेजेवर ते जगले.

त्या बाईचं नाव मिळत नाही. ती कॅथलिक होती की हिंदू, तेही नाही. मी या एका वाक्याशी किती वेळा थांबले असेन! वाझ तिथेच मेले असते, तर पुढची चोवीस वर्षं झालीच नसती. गळ्यात जपमाळ घालून जाफन्याच्या दारोदार भीक मागत फिरणारा तो माणूस, जपमाळेकडे कोण थबकून पाहतं यावरून आपली माणसं ओळखणारा, तो झाला नसता. कँडी झालं नसतं, चमत्कारांच्या गोष्टी झाल्या नसत्या, कोलंबोतला तो बुधवार झाला नसता. चर्च चमत्कार तपासतं, साक्षी घेतं, डॉक्टरांना विचारतं, आणि ते बरोबरच आहे. पण माझ्या हिशेबी पहिला चमत्कार त्या मातीच्या मडक्यात होता.

आणि दुसरा, एका बौद्ध राजाच्या मनात. 1692 मध्ये वाझ कँडीत शिरले तेव्हा पोर्तुगीजांचा हेर म्हणून त्यांना पकडलं गेलं. कैदेत बसून ते सिंहली शिकले. विमलधर्मसूर्य दुसरा याने हळूहळू ओळखलं की हा माणूस हेर नाही, आणि मग त्यांना हिंडायची, चर्च बांधायची मोकळीक दिली. 1697 मध्ये कँडीत देवीची साथ आली. घरची माणसं आजाऱ्यांना रानात टाकून पळाली, तेव्हा वाझ आणि त्यांचा भाचा, धर्मगुरू कार्व्हाल्यो, त्यांना धुवत-पुसत, भरवत राहिले. कोण कुठल्या धर्माचा हे विचारलं नाही. वाझ यांना वस्तीबाहेर काढलं होतं तेव्हा त्यांनाही कुणी ते विचारलं नव्हतं, हे त्यांच्या लक्षात राहिलं असणार असं मला वाटतं.

राजाचे आभार कोलंबोत मानले गेले. त्या दिवशीच्या प्रवचनात पोप फ्रान्सिस यांनी या राजाची आठवण काढली, वाझ यांनी धर्माच्या भिंतीपलीकडे सेवा कशी केली ते सांगितलं. यादवी युद्ध संपून सहाच वर्षं होत होती त्या देशात. तमिळ आणि सिंहली एका मैदानात, एकाच मिस्सेला बसले होते.

आम्ही हे सगळं पडद्यावर पाहिलं. गोव्याहून पुष्कळ जण कोलंबोला गेले. आमच्या घरचं कुणी जाऊ शकलं नाही, आणि वाड्यावरच्या बहुतेकांना ते परवडणारही नव्हतं. म्हणून ठरलं की कपेलासमोर मांडव घालायचा, मोठा पडदा लावायचा, आणि म्हाताऱ्यांना खुर्च्यांवर बसवून कोलंबोच इथे आणायचं.

आदल्या रात्री, मंगळवारी, मांडव अर्धा झाला होता आणि वीज गेली. अकरा वाजता, बारा वाजता, ती येईना. पडदा, प्रोजेक्टर, ध्वनिक्षेपक, सगळं तसंच पडलेलं. मग एका मुलाला सावंतवाडीकडचा एक जनरेटरवाला आठवला, जो वास्कोत एका लग्नासाठी आला होता. त्याला झोपेतून उठवलं. तो पहाटे दोनला टेम्पोसकट हजर. मराठीत बोलला तसं माझं बळ परत आलं. “बाई, कोणाचं लगीन?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, आमच्या गावचा माणूस उद्या संत होतोय. त्यानं कपाळाला हात लावून कपेलाकडे पाहिलं, डिझेलचे पैसे घेतले, भाड्याचे नाही घेतले. त्याचं नाव यादीत अकरावं. रात्रभर तो आणि आमची नऊ मुलं वायरी ओढत होती, बांबू बांधत होती. जानेवारीतली पहाट, झुवारीवरून गार वारा, आणि पोरांच्या पोटात काही नाही.

चारच्या सुमारास वाड्याच्या टोकाला राहणारी मांय आली. नवरा लवकर गेलेला, मुलगा आखातात जहाजावर. ती दोन घरी धुण्याभांड्यांचं करायची. वय सत्तरीच्या पुढे. दोन्ही हातांत धरलेलं जर्मनचं मोठं भांडं तिनं स्टेजच्या कडेला ठेवलं. उकड्या तांदळाची पेज, वर केळीचं पान. कमरेला बांधलेल्या पिशवीतून चेपणीचे तोर, मिठात मुरवलेल्या कैऱ्या, काढले, आणि कागदात गुंडाळलेला भाजलेला सुका बांगडा. “जेवात रे पुतांनो,” म्हणाली. कुणी वाट्या आणल्या, कुणी कपच पुढे केले. जनरेटरवाल्यानंही उकिडवं बसून दोन कप प्यायली. मीही प्यायले. त्या पेजेची चव मला वसईच्या आमच्या अंगणात घेऊन गेली. भात कापणीच्या दिवसांत आई अशीच बांधावर पेज घेऊन यायची.

मी तिला म्हटलं, मांय, आता घरी जाऊन पड थोडी, आठला ये, पुढची खुर्ची ठेवते. ती म्हणाली, आज सुट्टी नाही, त्या घरी पाहुणे आहेत. आणि गेली. जो सोहळा पाहण्यासाठी हे सगळं चाललं होतं, तो तिनं पाहिलाच नाही.

सकाळी पडद्यावर कोलंबो उजाडलं. आपलं आणि त्यांचं घड्याळ एकच, म्हणून तिथलं ऊन आणि इथलं ऊनही सारखंच चढत होतं. मैदानाच्या पलीकडे समुद्र. लाखो माणसं. घोषणा झाली त्या क्षणी आमच्या कपेलाची घंटा वाजायला लागली, लांबून दुसऱ्या एका वाड्याची वाजली, मग मोठ्या चर्चची. शेजारच्या आजोबांनी माझा हात घट्ट धरला होता, तो कितीतरी वेळ सोडला नाही. मी सासूबाईंच्या आवाजात स्वतःला म्हटलेलं ऐकलं, “आमचोय जालो.”

त्या दोन दिवसांत किती हात लागले! संक्रांतीचे दिवस, म्हणून शेजारच्या काकूंनी तिळगुळाचे डबे पाठवले, ते आम्ही प्रसादासारखे वाटले. बँडवाल्यांनी पोर्तुगीज चालीच्या भजनानंतर एक कोंकणी गीत बसवलं. कारखान्यातल्या पाळीवरून थेट आलेल्या मुलांनी बाकडी वाहिली. बिहारचा एक गवंडी कपेलाच्या पायऱ्या रात्री दुरुस्त करून गेला, कारण म्हाताऱ्या माणसांचा पाय अडकेल असं त्याला वाटलं. त्याचं नाव मी मुद्दाम विचारून घेतलं होतं.

मला मराठीतल्या ‘आभार’ या शब्दाची नेहमी थोडी अडचण वाटते. त्यात भार आहे. कुणीतरी आपल्यावर काही ठेवलं आणि आपण ते वाहतो आहोत. म्हणूनच बहुधा आपल्याकडे घरच्या माणसाचे आभार मानले की ते रागावतं, “मला परकी केलीस का?” आणि समारंभात आभारप्रदर्शन सगळ्यात शेवटी, लोक चपला शोधत असताना. कोंकणीत तसं नाही. इथे मासळी घेतली तरी म्हणतात, देव बरें करूं. तुझं भलं देव करो, माझ्या हातून फिटायचं नाही. सुरुवातीला मला वाटायचं, ही तर जबाबदारी देवावर ढकलणं झालं. आता वाटतं, याहून खरं काही बोलताच येत नाही. फेडता येण्यासारखं असेल तेवढं फेडावं, आणि उरलेल्यासाठी त्याचं नाव घ्यावं.

तर, 16 तारखेच्या रात्री भांडी मोजताना एक भांडं कमी आलं. मांयचं. आणि भांड्यावरून मला ती आठवली, आणि तिच्यावरून यादी. बेचाळीस नावांत ती नव्हती. देणगी देणारे होते, फुलांचे होते, मांडवाचे, बँडचे. पोटात खड्डा पडला. ज्या संताच्या चरित्रात मी त्या लंकेतल्या बाईचं नाव शोधत बसते, ते कुणी लिहून का ठेवलं नाही म्हणून हळहळते, त्याच संताच्या सणाला मी स्वतः तेच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले. ती अंगणात नारळाची झावळी विणत होती. मी बोलत सुटले. माझी चूक झाली, नाव राहिलं, पुढच्या रविवारी मिस्सेनंतर मी सगळ्यांसमोर सांगते. ती ऐकत होती, हात थांबले नव्हते. माझं बोलणं संपलं तेव्हा तिनं वर पाहिलं आणि विचारलं, “म्हजें आयदन खंय आसा, बाये?”

तिचं भांडं कुठे आहे. तेवढंच तिला हवं होतं. ते एकच मोठं भांडं होतं तिच्याकडे, आणि फेब्रुवारीत मुलगा येणार होता.

मग मी ते शोधलं. मांडववाल्याच्या सामानात ते फोंड्याला गेलं होतं, तिथून कुणाच्या तरी लग्नात मडगावला. तीन आठवडे लागले. एका कडेला पोचा आला होता. मी ते चिंचेनं घासलं, उन्हात ठेवलं. रविवारी मिस्सेनंतर तिचं नाव घेतलं, पण ती पहिल्या मिस्सेला येऊन गेली होती, त्यामुळे तिनं तेही ऐकलं नाही.

21 एप्रिल हा वाझ यांचा जन्मदिवस. 2019 मध्ये याच दिवशी ईस्टर होता, आणि लंकेतल्या चर्चमध्ये बॉम्ब फुटले. अडीचशेहून अधिक माणसं गेली. त्या संध्याकाळी आमच्या कपेलात फार थोडे लोक होते आणि कुणी काही बोलत नव्हतं. मांय शेवटच्या बाकावर गुडघे टेकून होती. बाहेर पडताना तिनं मला विचारलं, तिकडच्या लोकांना आता जेवण कोण देत असेल? मी म्हटलं, असतील तिथे माणसं. ती म्हणाली, “आसतली.” असतील.

पण मी भांड्याचं सांगत होते. आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. वसईत नाही, गोव्यातही नाही. मी त्यात काठोकाठ उकडे तांदूळ भरले, वर केळीचं पान ठेवलं आणि संध्याकाळी तिच्या दारात नेलं. तिनं आधी पोच्यावरून अंगठा फिरवला. मग तांदूळ हातात घेऊन पाहिले, “बरे आसात” म्हणाली. आत गेली, एक सूप घेऊन आली, निम्मे तांदूळ त्यात ओतले आणि सूप माझ्या पिशवीत रिकामं केलं. रिकामी पिशवीही कुणाला परत पाठवायची नसते.